परतीचा मेमो

बँकेतून चेक परत येतो तेव्हा त्याच्यासोबत एक चिटोरा येतो. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. त्यावर कारणाचा क्रमांक आणि एक ओळ असते: खात्यात पुरेशी रक्कम नाही, सही जुळत नाही, खाते बंद झाले आहे, खातेदाराने पैसे देणे थांबवले आहे. कारकुनाने एका ओळीपुढे खूण केली की त्याचे काम संपते, पण बाकीच्यांचे तिथूनच सुरू होते. चेक न वटण्याला गुन्हा ठरवणारे कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्यात दोनच कारणे लिहिलेली आहेत: शिल्लक अपुरी असणे, किंवा बँकेशी ठरलेल्या मर्यादेपलीकडे रक्कम जाणे. मग मेमोवर ‘खाते बंद’ असे आले तर? चेन्नईच्या एनईपीसी मायकॉन आणि मॅग्मा लीजिंग यांच्या खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९९ साली न्यायालयाने सांगितले, की चेक देऊन खातेच बंद करणे म्हणजे त्यात पैसे न ठेवणेच आहे, तेव्हा कलम लागू होते. सही न जुळल्याने परत आलेल्या चेकचे उत्तर मिळायला २०१२ साल उजाडले; ते लक्ष्मी डायकेम खटल्यात मिळाले. चारपाच शब्दांच्या ओळीने एवढी माणसे कामाला लावली, कारण नकाराचे कारण हा त्या व्यवहाराचाच भाग होता. मेमो हाती पडल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यायची आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे चुकवायचे, हे घड्याळही त्या चिटोऱ्यापासूनच चालू होते.

चेन्नईत २४ सप्टेंबर २०११ पासून चेक ट्रंकेशन सिस्टिम आली आणि कागदी चेकने बँकाबँकांतून फिरणे मागे पडले. चेक जिथे भरला तिथेच थांबतो. पुढे जाते ती त्याची प्रतिमा आणि त्यावरची माहिती, आणि नकार परततो तोही त्याच वाटेने, कारणाचा क्रमांक घेऊन. म्हणजे उरले काय? एका संगणकाने दुसऱ्याला विनंती केली, दुसऱ्याने ती नाकारली आणि का नाकारली ते कळवले. ज्याला आज वेब सेवा म्हणतात तिचे कामही असेच चालते. फरक इतकाच, की बँकांकडे कारणांची ठरलेली, सर्वांना मान्य अशी यादी असते, आणि वेब सेवा लिहिणाऱ्याला ती बहुधा स्वतःच तयार करावी लागते. ही यादी करताना तो विचार करतो तो असा: आत काय बिघडले ते बाहेर सांगू. डेटाबेसने हात वर केले, अमुक ओळीवर प्रोग्राम अडखळला, तमुक चल रिकामा निघाला. माझे म्हणणे असे, की इथेच वाट चुकते. एरर मेसेज हा आतल्या घटनेचा पंचनामा नाही. ‘आता कोणी काय करायचे’ या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि या एका कसोटीला लावून पाहिले तर मेसेजात काय हवे, काय नको, किती हवे, याबद्दलचे बरेचसे वाद निवळतात.

तीन अंकी एरर कोडची पद्धत वेबपेक्षा जुनी आहे. फाइली इकडून तिकडे पाठवण्याच्या एफटीपी या नियमावलीसाठी जॉन पोस्टेल यांनी १९७४ साली उत्तरांची नवी मांडणी केली, आणि तीच पुढे १९८२ मध्ये ईमेलच्या एसएमटीपीत आली. त्या मांडणीत पहिला अंक सगळ्यात बोलका आहे. ४ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे नकार तात्पुरता आहे, थोड्या वेळाने पुन्हा या. ५ ने सुरू होणारे म्हणजे नकार कायमचा आहे, हीच विनंती पुन्हा आणू नका. ४५० आले तर टपालपेटी सध्या व्यग्र आहे, ५५० आले तर ती मिळतच नाही. पाठवणाऱ्या यंत्राला बाकी एक अक्षर कळले नाही तरी पहिल्या अंकावरून पुढचे पाऊल ठरवता येते. १९९६ साली वेबच्या एचटीटीपी या नियमावलीची पहिली अधिकृत नोंद झाली तेव्हा अंक तसेच राहिले, पण त्यांचा अर्थ बदलला. आता ४ म्हणजे चूक विनंती करणाऱ्याची आणि ५ म्हणजे चूक सर्व्हरची. आधी उत्तर मिळत होते ‘पुन्हा येऊ का’ या प्रश्नाचे; आता मिळू लागले ‘चुकले कोणाचे’ या प्रश्नाचे. दोन्ही प्रश्न कामाचे आहेत, पण एकाच्या बदल्यात दुसरा गेला. ४०४ म्हणजे मागितलेले सापडले नाही आणि ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, दोन्ही ‘तुमची चूक’ या घरातले. पहिल्यात नुसते थांबून बहुधा काही साधत नाही, दुसऱ्यात थांबणे हाच इलाज. ५०१ आणि ५०३ ही दोन्ही ‘आमची चूक’, पण ५०१ म्हणजे असले काम करायची सोयच इथे नाही, आणि ५०३ म्हणजे जरा दमाने घ्या. वेबवरच्या एरर मेसेजला अंकाखेरीज आणखी काही सांगावे लागते त्याचे मूळ या अदलाबदलीत आहे.

‘आणखी काही’ टाळले तर काय होते, याचा दाखला नेटवर्क सांभाळण्याच्या धंद्यात सापडतो. चेन्नईच्या सॉफ्टवेअर उद्योगाचा एक मोठा धागाही तिथूनच निघालेला आहे. आज झोहो म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९९६ साली अ‍ॅडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली आणि तिचे पहिले दुकान नेटवर्क व्यवस्थापनाच्या साधनांचे होते. झोहो हे नाव कंपनीने २००९ साली घेतले. त्या क्षेत्राची बोली म्हणजे एसएनएमपी. राउटर, स्विच यांसारख्या उपकरणांना दुरून विचारायचे आणि त्यांच्यात बदल करायचे, त्याची ही नियमावली. तिच्या १९९० च्या आवृत्तीत उत्तराचे सहाच प्रकार होते, शून्य ते पाच. शून्य म्हणजे सर्व ठीक. मग उत्तर फार मोठे झाले, असे नाव नाही, किंमत चुकीची, हे फक्त वाचण्यापुरते आहे. आणि पाचवा ‘जेन-एर’, म्हणजे सामान्य चूक. या ‘सामान्य’ शब्दात काहीही मावते. उपकरणाची स्मृती भरली, बदल अर्धवट झाला, अधिकार नव्हता, काहीही असो, उत्तर पाच. दुसऱ्या आवृत्तीत ही यादी अठरापर्यंत गेली, आणि वाढलेल्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. ‘किंमत चुकीची’ या एका उत्तराचे तुकडे पडले: प्रकार चुकला, लांबी चुकली, लिहिण्याची पद्धत चुकली, किंमत स्वतः चुकली, किंमत एरवी चालते पण सध्याच्या स्थितीशी विसंगत आहे. शिवाय बदल करता आला नाही आणि केलेला मागेही घेता आला नाही, असे दोन वेगवेगळे कोड आले. या दोघांत नेटवर्क सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने रात्रीची झोप आणि जागरण इतके अंतर आहे. यादी का लांबली? आत घडणाऱ्या बिघाडांचे प्रकार वाढले म्हणून नव्हे. ते आधीही होतेच. प्रत्येक प्रकारावरचा इलाज वेगळा होता, आणि एकाच कोडातून तो कळत नव्हता.

याच शहरात २०१० साली फ्रेशडेस्क निघाली. गिरीश मातृभूतम आणि शान कृष्णसामी यांनी सुरू केलेली ही कंपनी २०१७ पासून फ्रेशवर्क्स म्हणवते आणि २०२१ मध्ये ती अमेरिकेच्या नॅसडॅकवर नोंदली गेली. तिचा मूळ माल ग्राहकांच्या तक्रारी नोंदवण्याचे आणि निवारण्याचे सॉफ्टवेअर हा आहे, तेव्हा न कळणाऱ्या एरर मेसेजांतून जन्मलेल्या किती तक्रारी त्या पडद्यांवरून गेल्या असतील याचा विचार करायला हरकत नाही. दुसऱ्या कंपन्यांच्या प्रोग्रामांनी तक्रार कशी नोंदवावी, यासाठी फ्रेशडेस्कने आपल्या एपीआयची कागदपत्रे उघडी ठेवली आहेत, आणि त्यांतला नकाराचा नमुना अभ्यासण्यासारखा आहे. विनंतीत खोट असली की वर ४०० हा एचटीटीपीचा अंक येतो. आत, उत्तराच्या मजकुरात, तपासणी फसल्याचे एक ढोबळ वाक्य, आणि मग चुकांची यादी. यादीतल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: कोणता रकाना, माणसाने वाचायचे वाक्य, आणि यंत्राने वाचायचा शब्द. हे शब्द ठरलेले आहेत. मिसिंग फील्ड म्हणजे रकाना भरलाच नाही, डेटाटाइप मिसमॅच म्हणजे अंकाच्या जागी अक्षरे आली, ड्युप्लिकेट व्हॅल्यू म्हणजे ही किंमत आधीच वापरात आहे, रिक्वायर फीचर म्हणजे तुमच्या योजनेत ही सोय नाही. हे चार शब्द विनंती करणाऱ्याला तीन वेगळ्या दारांकडे पाठवतात. पहिल्या दोघांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे जावे लागेल, तिसऱ्यासाठी जुनी नोंद शोधावी लागेल, चौथ्यासाठी कंपनीच्या हिशेबनीसाकडे. चारपैकी एकाही शब्दात फ्रेशडेस्कच्या आत कोणता डेटाबेस आहे किंवा प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहिला आहे याचा पत्ता लागत नाही. विनंत्यांची ठरलेली मर्यादा ओलांडली की येते ४२९, आणि सोबत किती वेळाने पुन्हा यायचे ते सांगणारी ओळ. १९७४ च्या मांडणीतला हरवलेला प्रश्न इथे असा मागच्या दाराने घरात आला आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो उगाच काढलेला नाही. जितके जास्त सांगाल तितके चोराच्या हाती द्याल, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. लॉगिनच्या पडद्यावर ‘हा ईमेल नोंदलेला नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे मेसेज दिले, की कोणाचे खाते आहे आणि कोणाचे नाही याची यादी बाहेरच्याला बसल्याजागी करता येते. याहून बारीक प्रकार सर्ज व्होदने यांनी २००२ साली दाखवला. कूटबद्ध मजकूर ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून शेवटी काही भर घालतात. ती भर चुकीची असेल तेव्हा सर्व्हर एक उत्तर देतो आणि बाकी काही चुकले तर दुसरे, एवढ्याच फरकावरून किल्ली हाती नसताना मजकूर उलगडत नेता येतो. आठ वर्षांनी, सप्टेंबर २०१० मध्ये, याच युक्तीने मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर चाललेली असंख्य संकेतस्थळे धोक्यात असल्याचे दाखवून देण्यात आले. दुरुस्ती येईपर्यंत कंपनीने सांगितलेला तात्पुरता उपाय असा होता: कस्टम एररची सोय चालू करा, आणि चूक कोणतीही असो, सर्वांना एकच पान दाखवा. त्या पानात उत्तराला थोडा अनियमित उशीर लावा असेही सुचवले गेले, कारण उत्तराला लागलेल्या वेळावरूनही फरक ओळखता येतो. ज्या सोयीतून प्रत्येक चुकीला वेगळे बोलते करता येते, तीच सोय सगळ्यांना एकसारखे गप्प करण्यासाठी वापरावी लागली.

पण या उदाहरणांत नेमके काय फुटले ते पाहिले पाहिजे. भर चुकली आहे ही माहिती प्रामाणिक वापरकर्त्याच्या कोणत्याच उपयोगाची नव्हती. ती भर त्याने घातलेली नव्हती, तो ती दुरुस्तही करू शकत नव्हता. त्याला करण्यासारखे एकच होते, पान पुन्हा उघडणे, आणि सगळ्या चुकांना एकच मेसेज दिल्याने त्याचे काही अडले नाही. म्हणजे फुटला तो पंचनामा. पुढची कृती सांगणारा मजकूर तेवढ्या अंशी निर्धोक होता. लॉगिनचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही, हे कबूल करायला हवे. तिथे ‘ईमेल चुकला’ ही माहिती खऱ्या माणसाच्या कामाची असते आणि चोराच्याही. अशा ठिकाणी काहीतरी सोडावे लागते, आणि ईमेल किंवा पासवर्ड यांपैकी काहीतरी जुळत नाही एवढेच सांगून पासवर्ड बदलण्याची वाट दाखवणे, हा तोटा पत्करण्यासारखा आहे. मात्र या एका कोपऱ्यातल्या अडचणीवरून प्रत्येक नकार मुका करणे म्हणजे घरात एक तिजोरी आहे म्हणून स्वयंपाकघरालाही कुलूप लावणे. तारखेचा रकाना रिकामा राहिला, हे सांगून कोणाचे घर लुटले जात नाही.

मायक्रोसॉफ्टच्याच २००६ च्या डब्ल्यूसीएफ या वेब सेवांच्या साच्यात या दोन्ही बाजू सांभाळायचा एक शहाणा मार्ग होता. सेवेच्या आत अनपेक्षित काही कोसळले, तर बाहेर जाणारा मेसेज मुळात कोराच ठेवलेला असे: अंतर्गत चुकीमुळे विनंती पूर्ण करता आली नाही, बस. तपशील दाखवण्याची कळ वेगळी होती आणि ती प्रोग्राम तपासताना वापरून नंतर बंद करायची असे. पण सेवा लिहिणाऱ्याला ज्या चुका अपेक्षित होत्या त्या त्याने आधीच, सेवेच्या करारात, नावानिशी जाहीर करायच्या. या कामासाठी मी अमुक इतक्या कारणांनी नाही म्हणू शकतो, आणि प्रत्येक ‘नाही’सोबत एवढी माहिती देईन. जाहीर केलेले तेवढेच बाहेर जाई. बँकेच्या मेमोमागची शिस्त हीच: कारकून मनाला येईल ते लिहीत नाही, यादीतून निवडतो. आणि आतला पंचनामा? तो लिहावाच, पण आपल्या लॉगमध्ये. बाहेर त्याचा फक्त संदर्भ क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहकाने तो सांगितला की मदत करणाऱ्याला नेमकी नोंद सापडते.

दुसरा आक्षेप साधेपणाचा आहे: एचटीटीपीचे अंक असताना वर स्वतःची बोली कशाला? या आक्षेपाची उलटी बाजूही प्रचारात आहे. आपली बोली आहे ना, मग एचटीटीपीचे अंक कशाला, सरसकट २०० म्हणजे ‘सगळे ठीक’ पाठवा आणि काय बिघडले ते आत लिहा. दोघेही एक गोष्ट विसरतात: उत्तर वाचणारे अनेक असतात. वाटेत प्रॉक्सी असतात, उत्तरे साठवणारे कॅश असतात, सेवा जिवंत आहे का हे पाहणारी पहारेकरी साधने असतात. त्यांना ना फ्रेशडेस्कची बोली येते ना झोहोची. त्यांच्यासाठी पाकिटावरचा अंक, आणि आतला मजकूर ज्याने विनंती केली त्याच्यासाठी. पाकिटावर २०० आणि आत नकार, हे पाकीट पहारेकऱ्याला फसवते. आणि कॅशला ते ठीक उत्तर म्हणून जपून ठेवायला लावून नंतरच्या दहा जणांच्या हाती देते. उलटा घोटाळा सोप या जुन्या नियमावलीने केला होता. २००० सालच्या तिच्या १.१ आवृत्तीत सर्व नकार ५०० या अंकाखाली पाठवायचे ठरले. आत ‘चूक विनंती करणाऱ्याची’ असे स्पष्ट लिहायची जागा होती, तरी पाकीट ओरडून सांगे की चूक सर्व्हरची. पुढच्या आवृत्तीत पाठवणाऱ्याच्या चुकीसाठी ४०० आले आणि हा विसंवाद मिटला. एका पाकिटात शंभर विनंत्या असल्या तर एकच अंक पुरतही नाही. झोहो सीआरएममध्ये एका वेळी शंभरपर्यंत नोंदी भरता येतात आणि प्रत्येक नोंदीचा निकाल वेगळा येतो: नव्वद गेल्या, दहांत अनिवार्य रकाना नाही. तेवढ्या दहाच दुरुस्त करून पुन्हा पाठवायच्या. सगळ्या पुन्हा पाठवल्या तर आधीच्या नव्वदांच्या जुळ्या नोंदी तयार होण्याची भीती.

तिसरा आक्षेप मला स्वतःला अधिक टोचतो. प्रत्येकाने आपली बोली केली तर जगात बोलीच बोली होतील, आणि त्या झाल्या आहेत. फ्रेशवर्क्सचे कार्यालय ओएमआरवर पेरुंगुडीत, झोहोचे शहराबाहेर जीएसटी रोडवर. एकाच शहरातल्या या दोन कंपन्यांत रिकाम्या रकान्याला एकीकडे ‘मिसिंग फील्ड’ म्हणतात आणि दुसरीकडे ‘मँडेटरी नॉट फाउंड’; एकीकडे चूक ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू’, दुसरीकडे ‘इनव्हॅलिड डेटा’. या कोंडीवर मार्क नॉटिंगहॅम आणि एरिक वाइल्ड यांनी मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ हे मानक मांडले, आणि जुलै २०२३ मध्ये आरएफसी ९४५७ ने त्याची जागा घेतली. त्यात बोली एक करण्याचा हट्ट नाही, फक्त फॉर्म एक केला आहे: चुकीचा प्रकार, शीर्षक, अंक, तपशील आणि या घटनेची ओळख, असे पाच रकाने, आणि लागतील ते स्वतःचे जास्तीचे. गमतीची गोष्ट अशी, की त्या मानकातले उदाहरण न वटलेल्या चेकची आठवण करून देणारे आहे: शिल्लक ३०, खर्च ५०. तपशिलाच्या रकान्याबद्दल मानक स्पष्ट सांगते, की तो विनंती करणाऱ्याला चूक सुधारायला मदत करण्यासाठी आहे, बिघाड शोधण्याची माहिती भरण्यासाठी नाही. शिवाय प्रोग्रामांनी त्या वाक्यातून अर्थ काढू नये अशीही सूचना आहे. आपल्या बहुभाषिक देशात या सूचनेला वेगळे मोल आहे. यंत्राचा शब्द एकदा ठरला की कायम राहील. वाक्य मात्र चेन्नईच्या दुकानदाराला तमिळमध्ये आणि साताऱ्याच्या दुकानदाराला मराठीत दाखवता येईल, शुद्धलेखन सुधारता येईल, सौम्य करता येईल. ज्याने प्रोग्राममध्ये इंग्रजी वाक्यच तुलना करून पाहिले असेल, त्याचे काम मात्र पलीकडच्याने एक पूर्णविराम काढला तरी बंद पडेल.

मानक आले तरी जुन्या सेवा आपापल्या बोलीतच बोलत राहतात. त्यामुळे दोन सेवांमध्ये दुवा जोडणाऱ्या माणसाला अजूनही एक तक्ता लिहावा लागतो: डावीकडे इकडचा शब्द, उजवीकडे तिकडचा, आणि तिसऱ्या स्तंभात करायचे काय. पुन्हा पाठवायचे, थांबायचे, माणसाला विचारायचे. ज्या शब्दापुढे तिसरा स्तंभ रिकामा राहतो, तो शब्द सेवा लिहिणाऱ्याने पंचनामा म्हणून लिहिलेला आहे असे खुशाल समजावे. आणि तक्त्याच्या तळाशी एक ओळ ‘इतर’ म्हणून ठेवावीच लागते. एसएनएमपीच्या यादीतही अठरा कोड झाल्यावर ‘जेन-एर’ काढला गेला नाही. तो अजून पाचव्याच जागेवर आहे.